ब्रिटिश शॉर्टहेअर बोका सारखा ट्रेत बसतो, ट्रेबाहेर लघवी करतो: उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा येणारी अडचण कशी शोधायची

मार्च सरत आला की मला फोन यायला लागतात. "काकू, बोका सकाळपासून ट्रेत बसायलाय, पण थेंबही पडंना." नाहीतर, "गादीवरच मुतून ठेवलंय बघा, कधी असं करत नव्हता." ट्रे म्हणजे मांजराने शी-लघवी करायचा वाळूचा ट्रे. लातुरात माझ्या घरी गेली नऊ वर्षं ब्रिटिश शॉर्टहेअर मांजरं आहेत. स्वतःच्या घरात आणि ओळखीच्या वीसेक घरांत मी हीच एक अडचण शोधत आले आहे. कारणं बहुतेक वेळा तीच असतात आणि त्यातली निम्मी घरच्या घरी सापडतात. उरलेल्या कारणांत मात्र घरी थांबणं धोक्याचं असतं. त्यामुळे आधी लक्षणं नीट बघा.

लक्षणं

दिवसातून दोन ते चार वेळा लघवी हे बहुतेक मोठ्या मांजरांचं नेहमीचं प्रमाण. गोळे धरणारी बेंटोनाइटची (एका चिकणमातीची) वाळू वापरत असाल तर प्रत्येक वेळचा एक गोळा होतो, साधारण मोठ्या लिंबाएवढा. तो गोळा नेहमीसारखा येईना झाला की बिघाड आहे. बिघाडाचे प्रकार चार.

पहिला प्रकार: फेऱ्या वाढतात, गोळे बोराएवढे लहान होतात. बोका बसून राहतो, मधेच ओरडतो, उठून खालची जागा चाटतो. ट्रे सोडून गार गुळगुळीत जागा शोधतो. मोरी, बेसिन, शहाबादी फरशीचा कोपरा. लघवीला गुलाबी झाक दिसते. ही मूत्राशयाच्या जळजळीची खूण.

दुसरा: फेऱ्या नेहमीइतक्याच, गोळेही नेहमीएवढे, पण निम्मे ट्रेत आणि निम्मे दाराच्या पायपुसण्यावर. इथे मांजर बहुधा ठणठणीत असतं. त्याची तक्रार ट्रेबद्दल असते.

तिसरा: उभं राहून, शेपूट थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर फवारा. खाली बसून केलेली लघवी वेगळी आणि हा फवारा वेगळा. नसबंदी न केलेला बोका आपली हद्द आखत असतो. नसबंदी करून घेतली की बहुतेकांचं हे थांबतं. म्हणून सहाव्या महिन्याच्या आसपास डॉक्टरांशी बोलून ठेवा. पिल्लं काढायच्या आशेने बोका तसाच ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. शेवटी पडदेही जातात आणि बोकाही दुसऱ्याला दिला जातो. नसबंदी झालेला बोका अचानक फवारू लागला तर ताण किंवा जळजळ असू शकते. मग पुढचा सगळा क्रम त्यालाही लागू.

चौथा: गोळे नेहमीपेक्षा मोठे, संख्याही जास्त, मांजर वाटीपाशी सारखं पाणी पितं आणि तरी वाळत जातं. हे मूत्रपिंडाचं किंवा मधुमेहाचं लक्षण असू शकतं. घरी काहीही करून बघू नका, थेट रक्त-लघवी तपासायला न्या.

काहीही करण्याआधी, दोन मिनिटांत: लघवी होते आहे का?

याला पैसा लागत नाही. ट्रे पूर्ण साफ करा, वाळू सपाट करा, बोक्याला त्या खोलीत ठेवून दार लावा आणि लक्ष ठेवा. बोका बसला, जोर केला, उठला आणि वाळू कोरडी राहिली, असं लागोपाठ दोन-तीनदा झालं, तर हा लेख वाचणं थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. रात्रीचे अकरा वाजले असले तरी.

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. बारीक खडे, चिकट स्राव आणि सूज यांनी तो बुजतो. मादीचा मार्ग रुंद आणि आखूड असल्याने तिला जळजळ होते, पण पूर्ण अडकणं क्वचित. लघवी पूर्ण अडकली की शरीराबाहेर जायचं विष रक्तात साचतं, पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. ही घसरण पहिल्या चोवीस तासांतच सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. उलटी, खाणं सोडणं, कोपऱ्यात जाऊन पडणं, पोटाला हात लावू न देणं, ही लक्षणं दिसली तर वेळ आधीच बरीच गेलेली असते.

माझा पहिला बोका राखू असाच गेला. चार वर्षांचा होता, मे महिना होता. तो ट्रेत जोर करत होता आणि मला वाटलं, शी अडकली आहे. मी एरंडेल दिलं. रात्री दिलं, सकाळी परत थोडं दिलं, दुसऱ्या रात्री त्याच्याजवळ बसून राहिले. तिसऱ्या दिवशी नेला तेव्हा त्याचं अंग गार पडलेलं होतं. मागून बघताना शीचा जोर आणि लघवीचा जोर सारखाच दिसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न तोच विचारते: शेवटचा ओला गोळा कधी पाहिला?

अडकलेल्या बोक्याचं पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न कोणी करू नये. ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. खायचा सोडा पाण्यात घालून देऊ नये. त्याने लघवी अल्कधर्मी होते, आणि स्ट्रुव्हाइट जातीचे खडे नेमके अशाच लघवीत धरतात. "पाणी पाजा, सुटेल" हेही इथे चालत नाही. बाहेर जायचा रस्ताच बंद असताना पाणी पाजून उपयोग काय?

लघवी थोडी थोडी का होईना येते आहे, बोका खातो आहे, खेळतो आहे, तरच पुढे जा. लघवीत रक्त दिसलं तर बोका कितीही खुशीत असो, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा. पुढच्या तपासण्या तोवर सुरू ठेवा.

ट्रे

सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती इथे आहे आणि सगळ्यांत जास्त चुकाही इथेच होतात.

आधी आकार. दुकानातले सुंदर ट्रे लहान मांजरासाठी असतात. ब्रिटिश शॉर्टहेअर बोका पूर्ण वाढल्यावर पाच ते आठ किलोपर्यंत जातो, मादी साधारण साडेतीन ते साडेपाच. ही जात सावकाश भरते, तीन-चार वर्षांपर्यंत अंग धरत राहते. पिल्लू असताना घेतलेल्या ट्रेत तो दुसऱ्या वर्षी पाय ठेवतो आणि मागचा भाग बाहेर राहतो. आपण म्हणतो, बाहेर केलं. त्याच्या मते त्याने आतच केलेलं असतं! नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मोजा आणि तिच्या दीडपट लांबीचा ट्रे घ्या. मी भांडी घासायचा मोठा प्लास्टिक टब वापरते, एक बाजू कापून खाली केलेला. गवंडीकामाचं रुंद प्लास्टिकचं घमेलंही चालतं.

मग वास. आपल्याकडे घर पुसायला फिनाइल असतंच आणि ट्रेही त्यानेच धुतला जातो. त्या वासाने मांजर ट्रेकडे फिरकत नाही. दुसरं म्हणजे फिनॉलचे पदार्थ मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, ते पंजावरून चाटण्यात जातात. साधा साबण, गरम पाणी, ऊन, एवढं पुरे. रोज दोनदा गोळे काढा, आठवड्यातून एकदा टब रिकामा करून धुवा.

मग जागा. एप्रिलमध्ये कूलर सुरू होतो आणि ट्रे नेमका त्याच खिडकीखाली असतो. कूलरची घरघर आणि अंगावर येणारा वारा, यांमुळे मांजर लघवी तुंबवून धरतं. गॅलरीत किंवा जिन्यात ठेवलेल्या ट्रेची वाळू दुपारी पायाला चटका देते. तीन वर्षांपूर्वी एका घरी मी एवढंच केलं: गच्चीच्या दाराजवळचा ट्रे उचलून आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. ट्रेबाहेर लघवी करणं तिसऱ्या दिवशी बंद झालं. त्या घरच्यांनी तोवर दोनदा वाळूचा ब्रँड बदलला होता.

जितकी मांजरं तितके ट्रे आणि वर एक. दोन मांजरांना तीन. तिन्ही एकाच कोपऱ्यात ओळीने ठेवले तर मांजराच्या लेखी तो एकच ट्रे, कारण एक मांजर वाटेत बसलं की दुसऱ्याला तिन्ही बंद.

ट्रे बदलल्यावर चार दिवस गोळे मोजा. वहीत लिहा: तारीख, किती गोळे, लहान की मोठे. डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर हीच वही कामी येते.

पाणी

माझ्या मते आपल्या भागातल्या या अडचणीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. त्याला तहान कमी लागते आणि ते लघवी फार घट्ट करून पाणी वाचवतं. शिकार खाऊन जगणाऱ्या प्राण्याला पाणी शिकारीच्या मांसातूनच मिळत होतं. आपण त्याला देतो कॅट फूडचे कोरडे दाणे, ज्यांत पाणी जेमतेम आठ-दहा टक्के. तहान मात्र जुनीच राहिली. त्यात आपल्याकडचं ४२-४३ अंशांचं ऊन. लघवी घट्ट झाली की तिच्यातले क्षार खड्यांच्या रूपाने बाहेर पडतात आणि आतलं अस्तर चिडतं.

मांजराला दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली पाणी लागतं, खाण्यातलं धरून. म्हणजे पाच किलोच्या बोक्याला अडीचशे मिली. साठ ग्रॅम कोरडे दाणे खाल्ले तर त्यातून पाच-सहा मिली मिळतं, बाकी सगळं वाटीतून यायला हवं. ते येतं का? मोजा. लातूर म्हणजे २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं शहर. पाणी मोजून वापरायची सवय आम्हाला आहेच, ती मांजराच्या वाटीला लावायची.

मोजताना एक चूक होते. सकाळी दोनशे मिली ओतलं, संध्याकाळी शंभर उरलं, म्हणून "शंभर पितो" असं लोक सांगतात. एप्रिलच्या कोरड्या हवेत रुंद वाटीतून पाणी नुसतं उडूनही बरंच जातं आणि मातीच्या परळातून तर झिरपतंही. म्हणून तशीच दुसरी वाटी, तेवढंच पाणी घालून, त्याच खोलीत मांजर पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा. दुसरीतून जेवढं घटलं तेवढं पहिलीतून वजा करा. असं मोजल्यावर "खूप पाणी पितो" म्हटलेला एक बोका दिवसाला तीस मिलीवर होता.

पाणी वाढवायचे उपाय साधे. वाटी रुंद आणि उथळ, म्हणजे मिशा काठाला घासत नाहीत. खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब. घरात तीन-चार ठिकाणी. पाणी दिवसातून दोनदा बदललेलं, माठातलं. टँकरच्या किंवा नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडलेली असली की मांजर वास घेऊन परत फिरतं. ते पाणी रात्रभर माठात ठेवून दुसऱ्या दिवशी दिलं की वास कमी होतो. वाहत्या पाण्याचं विजेचं कारंजं काही मांजरांना फार आवडतं, पण लाइट गेली की ते बंद. म्हणून एक वाटी जोडीला राहू द्या.

बोअरच्या जड पाण्यामुळेच खडे होतात असं जवळजवळ प्रत्येक जण मला सांगतो. घरात फिल्टरचं पाणी असेल तर जरूर द्या. पण फिल्टरचं तीस मिली पिणाऱ्या बोक्यापेक्षा बोअरचं दीडशे मिली पिणारा बोका मी जास्त निर्धास्तपणे बघते. किती पितो हे आधी सुधारा.

खाणं आणि वजन

पाणी पाजण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ते खाण्यातून देणं. ओल्या खाण्यात पंचाहत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं. ८५ ग्रॅमच्या दोन पाकिटांतून सव्वाशे मिलीहून जास्त पाणी जातं, बोक्याला कळतही नाही. परवडत नसेल तर एक पाकीट आणि त्यात चार चमचे कोमट पाणी. आठ-दहा दिवसांत सावकाश बदल करा. एकदम बदललं तर पोट बिघडतं किंवा तो तोंडच लावत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या जाड मांजराच्या यकृतात चरबी साचून नवा जीवघेणा आजार होतो. म्हणून "भूक लागली की खाईल" असं म्हणून ताणू नका.

कोंबडीचं उकळलेलं पाणी दाण्यांवर ओतणं हा आपल्या घरांत सहज जमणारा उपाय. त्यात मीठ नको, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, ते मांजराच्या रक्तपेशी फोडतात. फक्त उकडलेल्या कोंबडीवरही मांजर ठेवू नका. त्यात कॅल्शियम पुरत नाही, हाडं ठिसूळ होतात. दुधाने पाणी भरून निघत नाही, उलट बऱ्याच मोठ्या मांजरांना जुलाब होतात आणि अंगातलं पाणी आणखी जातं.

वजनाचं म्हणाल तर ही जात मुळातच शांत, बसकी. दाण्यांची वाटी दिवसभर भरलेली असली की दोन वर्षांत बोका गोल होतो आणि आपण कौतुकाने फोटो काढतो. जाड मांजर हलत नाही, पाण्याकडे जात नाही, ट्रेकडेही कमी जातं. साध्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग त्याला उचलून. दर महिन्याला. बरगड्यांवर हात फिरवल्यावर हलक्या थराखाली त्या लागायला हव्यात. लागत नसतील तर दाणे मोजून द्या आणि दिवसाचे तीन-चार वाटे करा.

ऊन आणि घरातला ताण

ब्रिटिश शॉर्टहेअरचं नाव आखूड केसांचं असलं तरी त्याचा कोट अतिशय दाट असतो. तो ब्रिटनच्या थंड, दमट हवेसाठी घडलेला आहे. मराठवाड्यातल्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या वरच्या मजल्यावर तो दुपारभर निपचित पडतो आणि पाण्यापर्यंतही उठत नाही. खालच्या मजल्यावरची एक खोली त्याला द्या, पडदे ओढा, उघड्या शहाबादी फरशीवर पडू द्या, पाणी तिथेच ठेवा. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या घरात राहणाऱ्या माझ्या मावशीकडे तिचा बोका सगळा मे सुखाने काढतो, कूलरशिवाय. केस कापून टक्कल करू नका, कातडी उन्हाला उघडी पडते. आठवड्यातून दोन-तीनदा विंचरून सुटे केस काढा, एवढं पुरे. तोंड उघडून धापा टाकायला लागला तर तो उष्माघात असू शकतो किंवा हृदयाचा त्रास. या जातीत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो आणि बोक्यांत जास्त. ओल्या फडक्याने पंजे आणि पोट पुसत दवाखाना गाठा.

ताणाचा विषय लोक हसण्यावारी नेतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. तरुण मांजरांच्या लघवीच्या तक्रारीत पुष्कळदा ना खडा सापडतो, ना जंतू. मूत्राशयाचं अस्तर सुजलेलं असतं आणि मागे काहीतरी घडलेलं असतं: घरात लग्न, पाहुण्यांची पोरं मागे लागलेली, नवं मांजर, घर बदललं, गल्लीत ढोल, दिवाळीचे फटाके. तुमच्या वहीत लघवीच्या नोंदीशेजारी घरात काय झालं तेही लिहा. दोन-तीन वेळेला तारखा जुळतात. अशा काळात बोक्याला एक बंद, शांत खोली द्या, त्यात त्याचा ट्रे, पाणी, जुनी गोधडी आणि उंच बसायला कपाटाची वरची फळी. आणि बाहेर लघवी केली म्हणून त्याला मारू नका, नाक त्यात घासू नका. ट्रेत बसल्यावर दुखलं म्हणून तो दुसरीकडे गेला आहे. वर मार मिळाला तर तो लपून करेल आणि गोळे मोजायची तुमची सोयही जाईल.

इथे घरचं काम थांबतं

ट्रे, पाणी, खाणं, खोली एवढं सगळं सुधारून आठवडाभरात गोळे मोठे झाले नाहीत, किंवा दोन महिन्यांत दुसऱ्यांदा त्रास झाला, तर लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. अंदाजाने अँटिबायोटिक मागू नका. तरुण मांजरांत जंतुसंसर्ग हे कारण कमी वेळा असतं. जळजळ आपोआपही पाच-सात दिवसांत ओसरते आणि श्रेय औषधाला मिळतं. पुढच्या वेळी खरं कारण तसंच राहिलेलं असतं.

नमुना ताजा लागतो. स्वच्छ कोरड्या ट्रेत नुसते धुतलेले वाळके बारीक खडे टाका, बोका बसून गेला की सिरिंजने ओढून घ्या आणि तासाभरात पोहोचवा. शिळ्या, गार झालेल्या नमुन्यात नंतर तयार झालेले स्फटिक दिसतात आणि निदान चुकतं. डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून घेणार असतील तर ते उत्तम.

खडा निघाला तर तो कुठला हे कळणं महत्त्वाचं. स्ट्रुव्हाइट खास आहाराने विरघळतो. कॅल्शियम ऑक्झलेट विरघळत नाही, तो काढावाच लागतो. त्यामुळे शेजारच्या मांजराला चाललेलं खास खाणं तुमच्याला चालेलच असं नाही, ते डॉक्टरांनीच सांगायचं.

मार्ग अडकलेला असेल तर भूल देऊन नळी घालतात, सलाइन चालतं, काही दिवस दवाखान्यात राहावं लागतं. नळी काढल्यावर पहिल्या काही दिवसांत पुन्हा अडकण्याचा धोका सगळ्यांत जास्त. घरी आणल्यावर दोन आठवडे प्रत्येक गोळा मोजा. पुन्हा पुन्हा अडकणाऱ्या बोक्याचा मार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रियाही असते, तो शेवटचा पर्याय.

या जातीच्या मालकांनी डॉक्टरांना तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. एक, हृदयाची तपासणी झाली आहे का. भूल आणि सलाइन दोन्हींचा हिशोब त्यावर ठरतो. दोन, ब्रिटिश शॉर्टहेअरमध्ये बी रक्तगट बऱ्यापैकी आढळतो. बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त चढलं तर ते जिवावर बेततं. म्हणून रक्त द्यायची वेळ आली तर आधी गट बघायलाच हवा. तीन, मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार.

हा तिसरा मुद्दा मांजर निवडण्याशी जोडलेला आहे. ही जात १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी भरवलेल्या प्रदर्शनापासून मिरवते आहे. पण दोन महायुद्धांच्या काळात ती इतकी कमी झाली की टिकवण्यासाठी पर्शियन मांजरांशी संकर करावा लागला. पर्शियनांतला तो आजार तिकडून इकडे आला. आई-बाप दोघांतल्या एकाकडे जरी तो दोष असला तरी सरासरी निम्म्या पिल्लांत उतरतो. गालाच्या आतून पुसून घेतलेल्या नमुन्यावर त्याची जनुकीय तपासणी होते, एकदाच, आयुष्यभरासाठी.

तेव्हा पिल्लू घ्यायचं असेल तर विकणाऱ्याला डोळ्यांचा रंग विचारण्याआधी आई-बापाचा हा अहवाल आणि हृदयाच्या सोनोग्राफीचा कागद मागा. "प्युअर ब्रीड आहे, गॅरंटी" हा अहवाल नव्हे. वंशावळीचा कागद एखाद्या मान्य नोंदणी संस्थेचा हवा. बारा आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू घेऊ नका. त्याच वयात ते ट्रे वापरायला आणि शांत राहायला शिकतं. निळसर राखाडी रंग आणि तांबूस डोळे म्हणजे ब्रिटिश, असं नाही. ही जात कितीतरी रंगांत येते आणि नुसत्या रंगावर दुसरीच मांजरं या नावाने खपवली जातात. कान दुमडलेलं पिल्लू ब्रिटिश म्हणून दाखवलं तर घेऊच नका. ती स्कॉटिश फोल्ड. कान दुमडणारा तोच दोष तिच्या सांध्यांची हाडंही बिघडवतो. आणि पुण्या-मुंबईहून किंवा हैदराबादेतून पिल्लू आणायचं असेल तर एप्रिल-मे सोडून आणा.

रात्री निघायची वेळ आली तर

जवळचा दवाखाना बंद असेल तर कुठे जायचं हे आजच ठरवून लिहून ठेवा. आपल्या भागात परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तुम्हाला कुठलं जवळ पडतं, रात्री तिथे कोण असतं, तुमच्या गावातले कुठले डॉक्टर मांजराला नळी घालतात, हे आधी विचारून ठेवा. बऱ्याच दवाखान्यांत जनावरांचं काम जास्त असतं आणि मांजराच्या मापाची बारीक नळी असेलच असं नाही.

पिंजऱ्यात तळाला ओलसर पिळलेलं फडकं, त्यावर जुना टॉवेल, वरून पातळ ओढणी. गाडीत एसी नसेल तर पहाटे किंवा रात्री निघा. पण बोका अडकलेला असेल तर दुपार बघू नका, ओलं फडकं बदलत निघा. फोनवर डॉक्टरांना याच क्रमाने सांगा: शेवटचा ओला गोळा किती वाजता दिसला, उलटी झाली का, वजन किती, वय किती, नसबंदी झाली आहे का, शेवटचं काय आणि कधी खाल्लं, घरचं कुठलं औषध दिलं. एरंडेल दिलं असेल तर तेही सांगा. लपवू नका.